घरच्या भांडणात ऐकीव किती, खरं किती: तपासायचं कसं

भाऊ-भाऊ वेगळे का निघाले असं विचारलं, की दोघंही एकेक वाक्य सांगतात: "तो असं म्हणाला." थोडं खोलात गेलं, की कळतं, ते वाक्य दोघांपैकी कोणीच स्वतःच्या कानानं ऐकलेलं नाही. जावेनं सांगितलं, सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या) तोंडून निघालं, नाहीतर पानठेल्यावर उभं असताना कानावर पडलं. तोवर बोलणं बंद होऊन दोन पोळे उलटलेले असतात.

अशी गोष्ट कानावर आल्यापासून तिचा खरेपणा ठरेपर्यंत काय करायचं, ते इथे क्रमानं दिलं आहे. घरातली अफवा सहसा धडधडीत खोटी नसते. तिच्या पोटात एखादी खरी घटना असते, आणि घरच्याच माणसाला जिथे कागद किंवा हिशेब दाखवलेला नसतो तिथे ती फुगते. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली हेच मांडलं होतं: विषय जितका जिव्हाळ्याचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. वावराचा, म्हणजे शेताचा, जिव्हाळा कमी करता येत नाही. धूसरपणा मात्र कमी करता येतो, आणि खालची सगळी मेहनत त्यासाठीच आहे.

पहिलं काम: वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या

समजा, धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे आणि मोठा गावी शेती पाहतो. धाकट्याच्या बायकोला माहेरून फोन येतो: "तुह्या भासऱ्यानं रोडकडचं दोन एकर वावर इकलं म्हनते. पैसाबी घेतला. तुमाले कानोकान खबर नाही."

फोन ठेवल्याबरोबर हे वाक्य वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. सोबत तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव टाका. कारण साधं आहे. रात्री नवऱ्याला सांगेपर्यंत त्यातलं "म्हनते" गळून पडतं, आणि "विकलं म्हणे" याचं "विकलं" होतं. मग त्या वाक्याचे तुकडे पाडा. वावर विकलं, हे कागदावर तपासता येतं. कोणतं आणि किती, तेही तपासता येतं. पैसा घेतला, हे अर्धंमुर्धं तपासता येतं. "तुम्हाला मुद्दाम कळू दिलं नाही" हा चौथा तुकडा मात्र समोरच्याच्या मनातला आहे. तो कोणत्याही कचेरीत सापडणार नाही, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त झोंबतो. बहुतेक भांडणं पहिल्या तीन तुकड्यांवर उभी राहिल्यासारखी दिसतात, पण पेटतात या चौथ्यावर.

याच वेळी शिक्क्याचे शब्द खोडून टाका: हडपलं, खाल्लं, डाव केला, नाटक केलं. "सासूनं डाग (दागिने) खाल्ले" यातून शिक्का काढला, तर "डाग घरातल्या कपाटात नाहीत" एवढंच उरतं. मग ते कुठे आहेत, हे विचारता येतं.

साखळी मागे न्या, पण दोन कड्यांपर्यंतच

ज्यानं सांगितलं त्याला तीन प्रश्न विचारायचे. तुम्ही स्वतः पाहिलं का? कोणत्या दिवशी, कुठे? त्यांच्या तोंडचे शब्द काय होते? पहिल्याचं उत्तर "नाही" आलं, तर "मग कोणाकडून ऐकलं?" एवढंच विचारा आणि त्या माणसाला हेच तीन प्रश्न विचारा.

वरच्या उदाहरणात साखळी साधारण अशी निघेल. गावातल्या एकानं मोठ्या भावाला तहसीलच्या आवारात कागद हातात घेऊन उभं राहिलेलं पाहिलं, सोबत जमिनीचा एक दलाल होता. पानठेल्यावर त्याचं झालं "कागद करत होता". ऐकणारा घरी जाऊन म्हणाला, "इसार झाला वाटते." (इसार म्हणजे सौदा पक्का करायला दिलेली आगाऊ रक्कम.) त्याच्या बायकोनं सोयऱ्यांना फोनवर सांगितलं, "विकलं." यात कोणीच खोटं बोललेलं नाही. प्रत्येकानं फक्त रिकामी जागा आपापल्या अंदाजानं भरली.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. "अख्खं गाव म्हणते" या उत्तरावर माणूस गार पडतो. पुन्हापुन्हा ऐकलेलं वाक्य नुसत्या पुनरावृत्तीनं खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. पाच जणांनी सांगितलं तरी पाचही जणांनी एकाच ठेल्यावर ऐकलेलं असू शकतं. बोलणारी तोंडं मोजू नका, पाहणारे डोळे मोजा. दुसरा घोटाळा म्हणजे "नाव सांग, कोण म्हणालं ते" असा दम भरणं. त्यानं लोक मिटतात आणि "तो भावाची चौकशी करत फिरून राहिला" ही नवी अफवा सुटते. म्हणून दोनच कड्या मागे जायचं, तेही एकट्याला गाठून, आणि मग कागदाकडे वळायचं.

सांगणाऱ्याचा यात काही फायदा आहे का, तेही पाहावं. धुऱ्याला धुरा (बांधाला बांध) लागून असलेला शेजारी, वावर ठेक्यानं मागणारा, दलाल, जुन्या सोयरिकीत दुखावलेला माणूस, असे लोक असतात. पण फायदा आहे म्हणून गोष्ट खोटी, असं धरू नका. स्वार्थी माणूसही कधी खरी बातमी आणतो.

वावराबद्दल ऐकलं असेल तर

सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) हे तिन्ही कागद महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. जिल्हा, तालुका, गाव आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक हाताशी हवा. क्रमांक आठवत नसेल, तर आठ-अवर खातेदाराच्या नावासमोरचे सगळे गट एकत्र दिसतात, म्हणून सुरुवात तिथून करा. गावी असाल तर पटवाऱ्याकडे जा. आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात पटवारीच म्हणतात.

आता कागद वाचताना जिथे माणसं फसतात त्या जागा.

क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. चार एकर म्हणजे १.६२ हेक्टर. पुण्यातला भाऊ फोनवर "१.६२" पाहतो आणि दीड एकरच उरलं असं समजून सोयऱ्यांना सांगतो. एकर काढायचे तर हेक्टरला २.४७ नं गुणा.

फक्त मोठ्या भावाचं नाव दिसलं आणि त्यापुढे "ए.कु.मॅ." लिहिलं असेल, तर ते एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं आहे. त्यानं बाकीच्यांचा हक्क बुडत नाही. ही जुनी नोंद पाहून "यानं सगळं आपल्या नावावर करून घेतलं" असं उठतं. ती नोंद कमी करून सगळ्यांची नावं लावण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो.

नावाला कंस दिसला, तर ते नाव कमी झालेलं आहे. कशानं कमी झालं ते शेजारच्या फेरफार क्रमांकावर कळतं. तो फेरफार उघडून वाचल्याशिवाय एक शब्दही बोलू नका. त्यात खरेदी, वारस, वाटणी, हक्कसोड असं कारण आणि तारीख असते.

इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो. "वावर गहाण टाकलं" ही गोष्ट बऱ्याचदा एवढीच असते: दरवर्षीचं पीककर्ज. रक्कम आणि बँकेचं नाव पाहा. पीककर्जाची रक्कम आणि ट्रॅक्टर किंवा घरासाठी काढलेल्या कर्जाची रक्कम यांत मोठा फरक असतो.

सातबाऱ्यावर भावाचं नाव अजून आहे म्हणजे विक्री झालीच नाही, असं मात्र धरता येत नाही. दुय्यम निबंधकाकडे रजिस्ट्री झाल्यावर फेरफाराची नोंद पडते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या मधल्या काळात सातबारा जुनाच दिसतो. म्हणून "आपली चावडी" या पानावर गावाचं नाव टाकून प्रलंबित फेरफार पाहा. तिथे गट क्रमांक, फेरफाराचा प्रकार आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. सोबत नोंदणी विभागाच्या मोफत शोधात गावाचं नाव आणि गट क्रमांक टाकून सूची क्रमांक दोन काढा. रजिस्ट्री झाली असेल, तर तिथे देणारा, घेणारा, तारीख आणि मोबदला निघतो.

आणि इसार? मुद्रांकावर लिहून नोटरी केलेली इसारचिठ्ठी यांपैकी कुठेच दिसत नाही. सगळे कागद स्वच्छ असूनही व्यवहार अर्धा झालेला असू शकतो. तो प्रश्न भावालाच विचारावा लागतो.

आणखी एक लक्षात असू द्या. सातबारा आणि फेरफार हे महसुली दफ्तर आहे. मालकी शेवटी दस्त आणि दिवाणी न्यायालय ठरवतं. नाव चढलं म्हणून कोणी मालक होत नाही, उतरलं म्हणून हक्क मरत नाही.

"ताईनं नाव चढवलं" ही तक्रार

विदर्भातल्या घरांत भावा-बहिणीचं बोलणं तुटायला हे वाक्य पुरतं, म्हणून यावर जरा थांबू. वडील वारल्यावर वारस नोंदीचा अर्ज जातो. वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये, पत्नी, मुलगे, मुली अशी सगळ्यांची नावं लागतात. मुलीनं मागावं लागत नाही. कायद्यानं ती वारस आहे. महिन्याभरानं सातबाऱ्यावर बहिणीचं नाव दिसतं आणि वहिनीच्या माहेरचं कोणीतरी म्हणतं, "पाह्य, बापाची तेरवी झाली नाही तं हिस्सा घ्यायले आली." बहीण तिकडे सासरी, तिला यातलं काही माहीतही नसतं.

तपासायचं काय? वारस फेरफारात अर्जदार कोण आहे ते वाचा. बहुतेक वेळा तो भाऊच असतो.

उलट बाजूची अफवाही तितकीच चालते: "तिनं सही करून दिली, आता तिचं काही नाही." हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. साध्या कागदावर, राखीच्या दिवशी घेतलेल्या सहीनं हिस्सा सुटत नाही. सूची दोनमध्ये दस्त निघाला, तर त्याची नक्कल काढून वाचा. कोणाच्या नावे आणि कोणत्या गटापुरता हक्क सोडला आहे ते पाहा. चारपैकी एकाच गटाचा हक्क सोडलेला असतो आणि गावभर "सगळं सोडलं" होतं.

हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हा कायदा लागू आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही. गडचिरोली-मेळघाटाकडच्या आदिवासी घरांनी म्हणूनच ऐकीव कायद्यावर न जाता वकिलाला विचारलेलं बरं.

मालाच्या पैशाबद्दल ऐकलं असेल तर

"कापसाचे दोन लाख आले अन् आपल्या हातावर सदतीस हजार टेकवले." हे वाक्य उलगडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, आपापले टाकून बघा.

चार एकर कोरडवाहू, कापूस चोवीस क्विंटल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. चोवीसनं गुणलं की १,९४,६४०. पानठेल्यावरचे "दोन लाख" इथून आले. पण माल खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, ७,००० नं गेला असेल, तर हातात आले १,६८,०००. यातून वेचणी दहा रुपये किलोनं २४,०००. बियाण्याची आठ पाकिटं ९०१ प्रमाणे ७,२०८. खत १६,०००, फवारणी १२,०००, निंदण-डवरणी २०,०००, नांगरणी-वखरणी १०,०००, गाडीभाडं-हमाली ४,०००. खर्च ९३,२०८. उरले ७४,७९२. दोन भावांत ३७,३९६.

म्हणजे सदतीस हजार बरोबर आणि दोन लाखांचा आकडाही पूर्णपणे हवेतला नव्हता. मधले सव्वा लाख कुठे गेले ते कोणी सांगितलं नाही, एवढंच. ही तपासणी करायला काटापावती, जिनिंगची किंवा व्यापाऱ्याची हिशेबपट्टी, कृषी केंद्राची बिलं आणि मजुरांची वही एवढं पुरतं. काटापावतीवर भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन असे तीन आकडे असतात. भांडणात नेहमी पहिला सांगितला जातो.

हमीभावानं का दिला नाही, हा पुढचा प्रश्न असतो. कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात करून घेतं आणि ओलावा त्याहून जास्त असला तर माल परत जातो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, वेचणीच्या मजुरीसाठी रोख हातात पडत नाही. वेचणाऱ्या बायांना आठवड्याला रोजी द्यावी लागते, म्हणून कास्तकार कमी भावातही घरून माल देतो. यात लबाडी असतेच असं नाही. पण पावतीच नसेल आणि "हिशेब तोंडी आहे" असं उत्तर मिळालं, तर शंका धरायला जागा आहे.

वरच्या हिशेबात एक गोष्ट नाही: मोठ्या भावाची स्वतःची मेहनत आणि बैलजोडीचा खर्च. खरा वाद बऱ्याचदा इथेच असतो, फक्त कोणी तो शब्दांत मांडत नाही. मोठ्याला वाटतं, मी वर्षभर वावरात मरतो त्याचं काय? धाकट्याला वाटतं, अर्धा माझा. दोघंही "दोन लाखां"वर भांडत राहतात. सालदाराला वर्षाचं जे साल ठरतं, त्याच्या हिशेबानं राबणाऱ्या भावाचा आकडा धरून बघा. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

डाग, दवाखाना, योजनेचे पैसे

डागांसाठी सोनाराची पावती, लग्नातले फोटो आणि ग्रॅममधलं वजन बघा. "मोडले" आणि "गहाण ठेवले" यांत फरक आहे. गहाणाची बँकेची किंवा पतसंस्थेची पावती असते.

दवाखान्याच्या खर्चावरून भाऊ एकमेकांना खोटं ठरवतात, तेव्हा डिस्चार्ज कार्ड आणि अंतिम बिल मागा आणि उपचार सरकारी योजनेत बसले होते का ते पाहा. गाडीभाडं, बाहेरून आणलेली औषधं आणि सोबत राहणाऱ्याचं खाणं बिलात कधीच येत नाही. तो खर्च वेगळा लिहा.

लाडक्या बहिणीचे १,५०० थांबले की "जावेनं नाव कापलं" असं उठतं. ई-केवायसी राहिली आहे का आणि आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय, ते आधी पाहा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं पूर्वी दुसऱ्याच बँकेत उघडलेलं असेल, तर रक्कम तिथे पडून असते आणि इकडे सासूवर आळ येतो. पीएम किसानच्या दोन-दोन हजारांच्या हप्त्याचंही तसंच.

फोनमध्ये आलेला पुरावा

व्हॉट्सअॅपवर संदेशाच्या डोक्यावर "फॉरवर्डेड" दिसलं, तर पाठवणाऱ्यानं तो लिहिलेला नाही. दुहेरी बाण असेल, तर तो मूळ माणसापासून निदान पाच हात फिरून आलाय. स्क्रीनशॉटमध्ये वरचं आणि खालचं बोलणं कापलेलं असतं, तारीख नसते. म्हणून ज्याच्या फोनमध्ये मूळ बोलणं आहे त्याच्याच फोनवर, वरचे दहा-वीस संदेश सरकवून वाचा. पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, तेव्हा त्याखाली तशी खूण येते.

कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये "हो, विकून टाकतो सगळं" एवढंच ऐकू आलं, तर आधी काय विचारलं होतं ते मागा. चिडून बोललेलं आणि ठरवून बोललेलं कानाला सारखंच लागतं.

समोर बसणं

कागद पाहून झाल्यावर, आधी नाही. वेळ निवडा. मृगाच्या पेरणीच्या धांदलीत, पोळ्याला, लग्नमांडवात किंवा समोरचा पिऊन आलेला असताना विषय काढू नका. उलंगवाडीनंतर (कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर) अक्षय्य तृतीयेपर्यंतचे दिवस बरे. माल विकलेला असतो, पावत्या ताज्या असतात, पुढच्या सालाची बोलणी व्हायचीच असतात.

बोलायची सुरुवात अशी करता येईल: "दादा, मह्या कानावर आलं का रोडकडचं वावर इकलं. कोन म्हनलं ते सोड. म्या सातबारा अन् फेरफार पाह्यला, त्यात तसं काही दिसत नाही. तू तहसीलात गेला होता म्हनते, ते कायच्यासाठी? अन् कोनाचा इसार घेतला का?" यात ऐकलेलं काय, पाहिलेलं काय आणि विचारायचं काय हे वेगवेगळं आलं. "काहून बे, मले न सांगता वावर इकलं?" असं तोंड उघडलं, तर मोठा भाऊ उत्तर देणार नाही, उठून जाईल.

विचारल्यावर गप्प बसा. तो बोलून होईपर्यंत मध्ये "पण" घालू नका. वर्षानुवर्षांचं दुसरंच काही बाहेर येईल: वडिलांच्या आजारपणात कोण आलं नव्हतं, घर बांधताना कोणी पैसे दिले नव्हते. ते वहीत टिपून घ्या आणि म्हणा, "हे बी बोलू, आधी वावराचं सांग."

बैठकीला ज्यांचा प्रश्न आहे तेच असावेत, आणि दोघांनाही चालेल असा एक वडीलधारा, मोठे बाबा किंवा मामा. जावई पहिल्या बैठकीत नको. मात्र जिचे डाग आहेत, जिचं नाव सातबाऱ्यावर आहे, ती बाई चौकटीआड न ठेवता बैठकीतच बसलेली हवी. नाहीतर रात्री तिला नवऱ्याच्या तोंडून तेच सगळं ऐकीव म्हणून मिळतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. काय ठरलं, काय उघडं राहिलं आणि कोणता कागद कोण कधीपर्यंत आणणार, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. हे पान वाटणीपत्र नव्हे आणि तसं कोणी वापरूही नये.

जिथे तपासत बसायचं नाही

मारहाण, हुंड्याची मागणी, घराबाहेर काढणं यात "दोन्ही बाजू ऐकू" म्हणत आठवडे घालवू नका. आधी त्या बाईला सुरक्षित जागी न्या. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, तक्रार त्याच्याकडे जाते. चौकशी नंतर होते.

बाईच्या चारित्र्याबद्दलची कुजबुज तपासायचीच नाही. नुसतं विचारत फिरल्यानंही नुकसान होतं, आणि ते भरून येत नाही.

"करणी केली", "तिच्यामुळं पोर आजारी पडलं" या गोष्टीला तपासण्यासारखं पोटात काही नसतं. एखाद्यावर असा आरोप करून त्याचं जगणं कठीण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पोरगं दवाखान्यात न्यायचं.

आणि "औषध पिईन म्हणतो, नाटकं करते" असं कोणी कोणाबद्दल सांगितलं, तर ते खरंच धरायचं. त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचे डबे त्याच दिवशी घराबाहेर कुलपात टाका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. कोणी प्यायलंच असेल, तर डब्यासकट दवाखाना गाठा.

बाहेरचा माणूस कधी बोलवावा

घरच्या दोन बैठका झाल्या, कागद समोर आले आणि तरी गाडी पुढे जात नसेल तर. तंटामुक्त गाव समिती (ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून आहे) किंवा पोलीस पाटील मध्यस्थी करू शकतात, निकाल देऊ शकत नाहीत. समितीतलाच एखादा माणूस तुमच्या अफवेच्या साखळीत असण्याची शक्यता गावात मोठी असते, ते आधी पाहून घ्या. कोणी घराला वाळीत टाकायची भाषा केली, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. तालुका विधी सेवा समितीकडे मध्यस्थी आणि वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. बायांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता तो मोफत असतो.

उत्तर हाती आल्यावर

गोष्ट खरी निघाली, तर तारखा सांभाळा. फेरफारावर नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी हरकत पटवाऱ्याच्या वहीत दिसत नाही. नोंद प्रमाणित झाली, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करा. हक्काचा वाद असेल तर दिवाणी न्यायालय. या काळात पुन्हा घरी भांडायला गेलात, तर दिवस तेवढे जातात.

खोटी किंवा अर्धवट निघाली, तर ज्या तोंडांतून आली त्याच तोंडांना परत सांगा, नुसतं घरात सांगून थांबू नका. सांगताना खरी गोष्ट आधी: "दादा पीककर्जाच्या कागदासाठी तहसीलात गेला होता, वावर जागेवर आहे, फेरफार म्या स्वतः पाह्यला." "वावर विकलं नाही, विकलं नाही" असं घोकत राहिलात, तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात "वावर विकलं" हेच बसतं. फोन करणाऱ्या माहेरच्या माणसाचा पाणउतारा करू नका. त्यानं आपलेपणानं सांगितलं होतं. पुढच्या वेळी फक्त विचारा, "पाहिलं का ऐकलं?" दोन-तीनदा असं विचारलं, की तोच माणूस फोन करण्याआधी स्वतःला विचारू लागतो.

आणि शेती पाहणाऱ्या भावासाठी: काटापावती आणि कृषी केंद्राचं बिल मिळालं, की त्याच दिवशी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. उलंगवाडीनंतर एकदम टाकलेल्या बारा पावत्या कोणी उघडून पाहत नाही.